शेजारच्या बेडवरून

नवीन वाचकांसाठी परत एकदा सांगते, मी डॉक्टर नाही, समुपदेशक पण नाही. शाळेत भूगोल शिकवायचे आणि गेली नऊ वर्षं डायलिसिसवर आहे, म्हणून संपादकांनी हे सदर माझ्या गळ्यात घातलंय. त्यामुळे औषधं, डोस, रिपोर्ट यातलं काही मला विचारू नका. या वेळी आलेली तीन पत्रं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, आपण स्वतः आजारी असताना दुसऱ्या आजाऱ्यासाठी काही करावं का आणि किती. म्हणून एकत्र घेतलीयत. पहिल्याला जागा जास्त गेलीय, ती माझीच चूक, लिहायला बसले नि थांबता आलं नाही.

ताई, नमस्कार. मी मोहोळ तालुक्यातला, वय ४७. बावीस वर्षं ट्रक चालवला, कांदा द्राक्षं घेऊन पार चेन्नई, इंदूर. बीपी होतं पण गोळी कधी घेतली कधी नाही, दोन वर्षांमागं पाय सुजले, धाप लागायला लागली आणि डॉक्टर म्हणले दोन्ही किडन्या गेल्या. आता आठवड्यातनं तीनदा सोलापूरला डायलिसिस. योजनेतनं होतं म्हणून पैशाचं निभतं. ट्रक विकला. एक दिवस भिंतीकडं बघत बसायचं, एक दिवस मशीनला लागायचं, वाईट विचार पण येऊन गेले दोनतीनदा.

मग दिवाळीच्या आधी शेजारच्या बेडवर एक पोरगं आलं, बावीस तेवीसचं, मानेत नळी घातलेली, हुंदके देऊन रडत होतं, आई बाहेर बसलेली. मी काय विशेष केलं नाही. म्हणलं, पोरा, मला पण पहिल्या दिवशी वाटलं होतं की सगळं रक्त बाहेर जाणार आणि परत यायचंच नाही, पण एका टायमाला बाहेर असतं ते पेलाभर, बाकी सगळं तुझ्यातच. मग बोलतच बसलो. मला पहिल्यांदा घड्याळाकडं बघायची आठवण झाली नाही आणि त्या रात्री झोप लागली. तेव्हापासनं नवीन माणूस आला की सिस्टर त्याला माझ्या शेजारी बेड देतात.

आता अडचण अशी. बायको म्हणते, स्वतःचं धड होईना आणि दुनियेचं काय घेऊन बसलाय. दुसरं, मी नववी शिकलेला, मी कोण सांगणारा. तिसरं, मला शंका येते की हे मी त्यांच्यासाठी करतोय का मला बरं वाटतं म्हणून करतोय, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखावर आपलं भागवून घेणं झालं का. आणि शेवटचं. एक काका होते, त्यांना मी म्हणलो होतो, घाबरू नका, दहा वर्षं आरामात काढाल. ते चार महिन्यात गेले. काकू कागद न्यायला आल्या, माझ्याकडं बघितलं, काय बोलल्या नाहीत. तेव्हापासनं तोंड उघडायची भीती वाटते. हे बंद करू का?

– एक वाचक, मोहोळ

दादा, बंद करू नका. उत्तर एवढंच आहे, पुढचं सगळं गप्पा समजून मशीनला लागलेले असाल तेव्हा वाचा, चार तास काढायचेच असतात.

आधी एक गोष्ट. वाईट विचार येऊन गेले असं लिहून तुम्ही पटकन पुढे गेलात. परत आले तर रात्री कितीही वाजलेले असोत, १४४१६ ला फोन लावायचा, टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि किडनीच्या डॉक्टरांनाही सांगायचं. डायलिसिसवाल्या माणसाला डिप्रेशन येऊ शकतं हे त्यांना चांगलं माहीत असतं, पण राउंडला त्यांनी ‘कसं आहे’ विचारलं की आपण ‘बरंय’ म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न पहिला घेते, कारण तो मलाही बरीच वर्षं छळत होता.

अमेरिकेत ॲक्रन नावाचं गाव आहे. १९३५ च्या मे महिन्यात तिथल्या एका हॉटेलच्या लॉबीत बिल विल्सन नावाचा माणूस उभा होता, न्यूयॉर्कचा, शेअर बाजारातला. कामासाठी आलेला, व्यवहार फिसकटलेला, आणि बाजूच्या बारमधनं लोकांच्या हसण्याचे आवाज येतायत. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते आणि त्याला कळलं की आता तिकडे पाय वळला की संपलं. मग त्याने काय केलं, तर तिथल्या फोनवरनं गावातल्या चर्चवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली की इथला एखादा पिणारा माणूस मला गाठून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय. म्हणजे बघा, स्वतः बुडू नये म्हणून दुसरा बुडणारा शोधत होता! गाठ पडली बॉब स्मिथ नावाच्या सर्जनशी, तोही पक्का पिणारा, पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही असं सांगून आलेला आणि तासन् तास बसला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना सांभाळायचे गट, सुरू झालं ते इथनं.

मला त्याच्या आधीचा भाग जास्त आवडतो. त्या पाच महिन्यांत बिलने न्यूयॉर्कमध्ये कितीतरी पिणाऱ्यांना समजावून पाहिलं होतं, एकाचीही सुटली नाही. वैतागला बिचारा. तेव्हा त्याची बायको म्हणाली, पण तुझी सुटलीय ना.

पुढे १९६५ मध्ये फ्रँक रीसमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने यावर लेखच लिहिला, की अशा एकमेकांना धरून चालणाऱ्या गटांत मदत घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यालाच कित्येकदा जास्त गुण येतो. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ ला मुक्तांगण सुरू केलं, तिथे व्यसनातनं बाहेर आलेली माणसंच नव्या आलेल्यांना सांभाळतात, त्यातलेच कित्येक पुढे तिथले कार्यकर्ते झाले. अनिताताईंना स्वतःला नंतर ब्रेस्ट कॅन्सर झाला, त्या आजारातही काम करत राहिल्या, १९९७ ला गेल्या. तर दादा, तुम्हाला बरं वाटतं यात चोरी कसली आलीय? उलट ‘मला काही नको, मी फक्त त्यांच्यासाठी करतो’ म्हणणाऱ्याचीच मला धास्ती वाटते. तो उपकार करायला येतो आणि आजारी माणसाला त्याचा वास लांबूनच येतो, मी स्वतः अशा दोघातिघांना बघून झोपेचं सोंग घेतलंय.

नववीचं म्हणाल तर माझी गोष्ट सांगते. माझं पहिलं डायलिसिस ऐन जानेवारीत. हॉलला एसी, त्यात रक्त नळ्यांतनं बाहेर फिरून येणार, मला अशी हुडहुडी भरली की वाटलं हेच ते, मरण. एवढी शिकलेली मी, दोन विषयांत एम.ए., पण कुणाला विचारायचं सुचेना. शेजारच्या बेडवर एक बाई होत्या, मार्केट यार्डात भाजीचा धंदा, सहीच्या जागी अंगठा. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, ‘बाई, उद्यापासनं शाल आणि पायमोजे आणायचे. थंडी मशीनची आहे, तुमची नाही.’

बास. हे मला ना डॉक्टरांनी सांगितलं होतं ना सिस्टरनी, त्यांचा काही दोष नाही, ते त्या नळ्यांना कधी लागलेलेच नाहीत. पुढची दोन वर्षं त्या बाईंनी मला जे शिकवलं ते कुठल्या माहितीपत्रकात असं सलग मिळालं नसतं. जांभयांवर जांभया यायला लागल्या, कान बंद झाल्यासारखे वाटले, घाम फुटला की बीपी पडतंय, तेव्हाच हाक मारायची, डोळ्यापुढे अंधारी येईपर्यंत शहाणपणा करत थांबायचं नाही. किडन्या पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून घरी पाण्याचा तांब्या समोर ठेवायचा नाही, छोटी वाटी ठेवायची. फारच तहान लागली तर बर्फाचा खडा. आमटी, ताक, कलिंगड हे सगळं पाण्यातच मोजायचं, आपण फक्त पेला मोजतो आणि दोन दिवसात तीन किलो वजन घेऊन येतो. फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून ज्यातली शीर धमनीला जोडलेली असते तो, रोज सकाळी कानाशी न्यायचा, आतली घरघर ऐकायची, ऐकू आली नाही तर चहा तसाच ठेवून दवाखाना. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही, घट्ट बांगडी नाही, पिशवी नाही, तो हात उशाला घेऊन झोपायचं नाही.

सिएटलला १९६० मध्ये क्लाइड शील्ड्स नावाचा एक कारागीर माणूस असा कायमच्या डायलिसिसवर गेला. त्याच्या आधी डायलिसिस म्हणजे थोड्या दिवसांचा खेळ होता, दर वेळी नवीन शीर लागायची आणि शिरा संपल्या की सगळं संपलं. डॉ. स्क्रिबनर यांनी हातात कायमची ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली आणि हा माणूस त्यानंतर अकरा वर्षं जगला. पण मी विचार करते, त्याच्या शेजारच्या बेडवर त्याला सांगायला कोण होतं? कुणीच नाही, तो पहिल्यांपैकी होता, सगळं अंगावर घेऊनच कळलं असणार. त्या पोराला तुम्ही होतात.

तुम्ही ट्रकवाले घाटात समोरनं येणाऱ्याला हेडलाइट मारता ना, की बाबा पुढे गाडी आडवी पडलीय, सावकाश जा? तुम्ही त्याच रस्त्याने येताय म्हणून तुम्हाला माहीत असतं. एवढंच काम आहे हे. त्याला नववी पास लागत नाही, पण ट्रक थांबवून त्याच्या इंजिनात हात घालायचा नाही, हे मात्र पाळायचं. मी घातलाय, म्हणून सांगते. एका नवीन बाईंना मी मोठ्या उत्साहात सांगितलं की ते कमी सोडियमचं मीठ मिळतं ना ते वापरा, जेवण तरी चवीचं लागेल. नशीब त्या डाएटिशियनला बोलल्या. अशा मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि आपल्या लोकांच्या रक्तात पोटॅशियम वाढलं की सरळ हृदयावर जातं. मी भूगोलाची बाई! त्या दिवसापासून खायचं-प्यायचं, गोळी, काढा, कुणाच्या गावचा वैद्य, काहीही विचारलं की मी म्हणते, डाएटिशियनला विचारा, डॉक्टरांना विचारा, चला मी पण बरोबर येते विचारायला. ते बरोबर जाणं फार कामाचं असतं बरं का. नवीन माणूस डॉक्टरांपुढे गप्पच बसतो.

आता काका. दादा, ते तुमच्या बोलण्यामुळे गेले नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे. पण दहा वर्षांचं म्हणालात ते चुकलं, मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही म्हणणार नाही. कुणाला किती वर्षं हे आपल्या हातातलं नाही, डॉक्टरसुद्धा सांगताना दहा वेळा अडखळतात. आपण सोमवारचं बोलायचं. ‘सोमवारी भेटू, माझी दुपारची शिफ्ट आहे.’ आणि कुणी तोंडावर विचारलंच की मी जगेन ना, तर मी म्हणते मला माहीत नाही, पण मी नऊ वर्षं येतेय आणि समोरचे ते आजोबा माझ्याही आधीपासनं येतायत. जे डोळ्याने दिसतंय तेवढंच.

काकू गप्प राहिल्या त्याचा अर्थ तुम्ही लावलाय, त्यांनी सांगितलेला नाही. नवरा गेलेली बाई कागद न्यायला आलीय, ती काय बोलणार होती? जाऊन या एकदा त्यांच्याकडे, पत्ता माहीत असेल तर. चहा घेऊ नका (पाणी मोजावं लागेल), नुसतं बसून या. काका चार महिने तुमच्याशी काय काय बोलायचे ते सांगा, ते त्यांना दुसऱ्या कुणाकडून ऐकायला मिळणार नाही. माझ्या भाजीवाल्या बाई गेल्या तेव्हा मी गेले नाही, जमलं नाही, तो बेड दुसऱ्याला मिळालेला बघूनच मला चक्कर आली होती. अजून खटकतं.

एक लक्षात ठेवा, आपल्या हॉलमधली माणसं जाणार. वर्षाला १५६ फेऱ्या, सव्वासहाशे तास, इतका वेळ तर सख्ख्या भावाबरोबर पण आपण बसत नाही, त्यामुळे कुणी गेलं की घरचंच गेल्यासारखं होतं आणि घरी कुणाला ते कळत नाही, ‘कोण लागत होते तुमचे?’ असं विचारतात. अशा वेळी पंधरा दिवस गप्प बसा की. सिस्टरना सांगा, आत्ता नवीन कुणाला माझ्या शेजारी देऊ नका. त्या समजून घेतात. आणि समोरच्याने भिंतीकडे तोंड फिरवलं तर फिरवू द्या, सगळ्यांनाच बोलायचं नसतं, काहींना वर्षभर नको असतं आणि मग एक दिवस आपणहून विचारतात, मॅच कुणी जिंकली.

वहिनींचं राहिलं. त्या अर्ध्या बरोबर आहेत. तुम्ही हॉलमध्ये चार तास बोलून घरी येता तेव्हा तुमच्यात काय उरतं ते मला माहीत आहे, काही उरत नाही, दार लावून झोपायचं असतं. म्हणजे दुनियेला दादांचं बोलणं आणि वहिनींना दादांचं घोरणं. त्यांना राग दुनियेचा नाही आला. एक दिवस त्यांना बरोबर घेऊन जा आणि त्या पोराच्या आईशेजारी बाहेर बाकड्यावर बसवा. मला वाटतं त्या दोघींनाही एकमेकींना सांगण्यासारखं बरंच असेल, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून स्वयंपाकात बटाटा दोनदा पाण्यातनं कसा काढायचा इथपासून सगळं.

ताई, माझी आई ६३ वर्षांची, ठाण्यात आमच्याजवळच राहते. २०१७ ला ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, मागच्या वर्षी हाडांमध्ये परत निघाला. आता गोळ्या आणि महिन्याचं इंजेक्शन चालू आहे. तिची किमोच्या वेळची एक मंडळी आहे, अकरा जणी. सकाळपासून फोन सुरू. हिला केस गेल्याचं टेन्शन, तिचा नवरा बोलत नाही, अमकीला स्कॅनला सोबत हवी. आई सगळ्यांना सांगते, माझ्याकडे बघ, मी कशी ठणठणीत आहे. आणि रात्री कण्हते, मला ऐकू येतं. या वर्षी त्यातल्या दोघी गेल्या, दोन्ही वेळा आई तीन दिवस जेवली नाही आणि चौथ्या दिवशी परत फोन. मी परवा चिडून फोन काढून घेतला. ती म्हणाली, हे पण काढून घेतलंस तर मी नुसती पेशंट उरेन. मला खूप वाईट वाटलं, पण माझं काय चुकलं तेही कळत नाही.

– एक मुलगी, ठाणे

अगं, फोन परत दे आधी. दिला असशीलच म्हणा.

तुझ्या आईसारख्या बायका जुन्या आहेत. न्यूयॉर्कला १९५२ च्या सुमाराला टेरीस लॅसर म्हणून एक बाई होत्या, त्यांचं स्तन काढलं तेव्हा हात कसा हलवायचा, ब्लाउजचं काय करायचं, नवऱ्यासमोर कसं उभं राहायचं, हे सांगायला कुणी नव्हतं. मग त्याच ऑपरेशन झालेल्या बायकांना वॉर्डात जाऊन भेटायला लागल्या. तिथल्या डॉक्टरांना ही बया मुळीच आवडायची नाही. पण त्यातूनच ‘रीच टू रिकव्हरी’ उभं राहिलं आणि १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्याकडे घेतलं. आता तिथे भेटायला जाणाऱ्या बाईला आधी ट्रेनिंग देतात, काय बोलायचं, काय नाही, आणि स्वतःला कसं सांभाळायचं ते. तुझ्या आईला हे शेवटचं कुणी शिकवलेलं नाही एवढाच फरक.

मला तिच्या फोनपेक्षा त्या ‘ठणठणीत’ची जास्त काळजी वाटते. ते एकदा म्हटलं की मग दुखतंय म्हणायची सोय राहात नाही, अकरा जणींना काय वाटेल! हाडात पसरलेल्या कॅन्सरमध्ये नवीन दुखणं लपवून चालत नाही गं. पाठीत नव्याने कळ यायला लागली, पायातली ताकद कमी वाटली, बधिर वाटलं, लघवी-संडासवरचा ताबा गेला तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखान्यात न्यायचं असतं, मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब येत असेल तर तास महत्त्वाचे असतात. आणि रात्रीचं कण्हणं तिच्या डॉक्टरांना तू सांग, ती नाही सांगणार. वेदनेची औषधं नीट बसवून देणारे डॉक्टर असतात, पॅलिएटिव्ह केअरचे, ते फक्त शेवटच्या दिवसांसाठी असतात असा उगीच समज आहे. आत्ताच भेटा त्यांना.

फोनचं आईबरोबर बसून ठरवा, तू एकटीने ठरवू नकोस. दुपारी चार ते सहा म्हणा, नाहीतर तिला जे बरं वाटेल ते. आपण थकलो की ‘आज माझं पण दुखतंय गं’ असं त्या अकरांतल्या निदान एकीला तरी तिने म्हणून बघावं. बहुतेक ती पलीकडची सुखावेल, रोज आपणच रडायचं म्हणजे तिलाही लाज वाटत असणार. कुणी गेलं की तीन दिवस जेवायचं नाही हे काही मला तुझ्यासारखं भयंकर वाटत नाही, आपल्यात सुतक असतं ते उगीच नसतं, फक्त तेव्हा तिच्याशेजारी बस आणि गोळ्या चुकू देऊ नकोस.

आणि तू. तुझ्या पत्रात आईचं सगळं आहे, तुझं एवढंच आहे की ऐकू येतं. रात्री भिंतीपलीकडे जागी असतेस आणि सकाळी ती अकरा जणींना विचारते झोप लागली का म्हणून. मला वाटतं चिडलीस ती यावर. सांग तिला तसंच. म्हणावं, आई, बारावा नंबर माझा लाव.

नमस्कार ताई. मी २४ वर्षांचा, कोल्हापूर. आईने किडनी दिली, ट्रान्सप्लांट होऊन सव्वा वर्ष झालं, सगळं ओके आहे. प्रॉब्लेम असा की सगळ्यांना मी आता इन्स्पिरेशन वाटतो. कॉलेजने भाषणाला बोलावलं, डायलिसिसच्या हॉलमधले ओळखीचे म्हणतात येऊन चार शब्द सांग, घरचे म्हणतात देवाने वाचवलं ते कशासाठी तरीच ना. मला तिकडे जायचंच नाहीये ताई, त्या वासानेसुद्धा पोटात गोळा येतो. मला नोकरी करायचीय, बाइक घ्यायचीय. मी कृतघ्न आहे का?

– एक वाचक, कोल्हापूर

अरे, नाहीस. नको असेल तर जाऊ नकोस, आणि कारणं पण देत बसू नकोस. हवंच असेल तर सांग की मला इन्फेक्शनची भीती आहे म्हणून गर्दीत जात नाही, ते खोटंही नाही, प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या चालू आहेत तुझ्या.

हैदराबादचे कमल शाह आहेत, विशीत असताना १९९७ ला किडन्या गेल्या, इंजिनिअर माणूस, पुढे डायलिसिसवर असतानाच नेफ्रोप्लस नावाची डायलिसिस सेंटरची कंपनी काढण्यात भागीदार झाले. मला त्यांचं फार कौतुक आहे. पण तू ते केलं नाहीस म्हणून तुझी किडनी कुणी परत मागणार नाहीये! वर मी मोहोळच्या दादांना बंद करू नका म्हटलं कारण त्यांना त्यातनं झोप लागायला लागली. तुझी त्याने उडत असेल तर तुझ्यासाठी ते औषध नाही. पाच वर्षांनी वाटलं तर बघ, नाही वाटलं तरी ठीक. मला पण पहिली तीन वर्षं त्या भाजीवाल्या बाई सोडल्या तर कुणाशी बोलायचं नव्हतं, मी हॉलमध्ये शब्दकोडी सोडवायचे आणि कुणी बघितलं की पेपर वर धरायचे.

नोकरी कर. बाइक घे, हेल्मेट घाल. गोळ्या बारा तासांच्या अंतराने म्हणजे बारा तासांनीच, मित्रांबरोबर ट्रिपला गेलास तरी मोबाइलचा अलार्म बंद करायचा नाही. आणि एक विचारायचं राहिलं, तुझं फॉलोअप सगळे आठवणीने करत असतील, पण ज्याने किडनी दिली त्यालाही दरवर्षी तपासून घ्यावं लागतं, बीपी, क्रिएटिनिन, लघवी. आईचं या वर्षीचं झालंय का ते बघ.